महासाथीच्या काळात दातांची शस्त्रक्रिया: पेशंटची संमती कशी घ्यावी

हा लेख इंटर्नशिप करणाऱ्या किंवा नुकतीच प्रॅक्टिस सुरू केलेल्या दंतवैद्यांसाठी आहे. दाढ कशी काढायची हे तुम्हाला शिकवलेलं असतं. फ्लॅप (हिरडीचा कापून उचललेला पदर) कुठून उचलायचा, हाड किती काढायचं, टाके कसे घालायचे, हे सगळं हातात बसेपर्यंत करून घेतलेलं असतं. संमती घ्यायला मात्र आपण सीनिअरच्या पाठीमागे उभं राहून शिकतो, आणि तिथे कानावर पडतं ते एवढंच: "इथे सही करा."

एरवीही हे अपुरंच आहे. साथ पसरलेली असताना तर पेशंटला एकाच वेळी दोन निर्णय घ्यायचे असतात. ही शस्त्रक्रिया करायची का, हा पहिला. ती आत्ताच करायची का, हा दुसरा. हा दुसरा प्रश्न आपल्या नेहमीच्या छापील फॉर्मवर कुठेच नसतो, आणि पेशंटच्या मनात मात्र रात्रभर तोच घोळत असतो.

मी कोविडचा अनुभव समोर ठेवून लिहितोय. जागतिक आरोग्य संघटनेने ११ मार्च २०२० रोजी त्याला महासाथ म्हटलं आणि ५ मे २०२३ रोजी जागतिक आणीबाणी संपल्याचं जाहीर केलं. मधल्या काळात आम्ही दंतवैद्यांनी बरंच शिकलं आणि बऱ्याच चुकाही केल्या. श्वासातून पसरणारी दुसरी एखादी साथ आली, तर यातलं बहुतेक सगळं पुन्हा उपयोगी पडेल.

आधी पाया पक्का करा

पेशंटला माहिती मिळाली, ती समजली, निर्णय घेण्याइतकं त्याचं भान शाबूत आहे आणि कुणाच्या दबावाशिवाय तो हो किंवा नाही म्हणाला, की संमती झाली. सही ही त्याची नोंद. आपल्या शरीराचं काय करायचं हे सज्ञान आणि शुद्धीतला माणूस स्वतः ठरवतो, हे न्यूयॉर्कमधल्या न्यायमूर्ती कार्डोझो यांनी १९१४ सालीच लिहून ठेवलंय. 'माहितीपूर्ण संमती' हा शब्दप्रयोग १९५७ च्या कॅलिफोर्नियातल्या एका निकालात आला. पुढे २०१५ मध्ये ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने माँटगोमेरी खटल्यात मोजायची पट्टीच बदलली. इतर डॉक्टर साधारणपणे काय सांगतात हे पुरेसं नाही. या पेशंटच्या जागी असलेल्या समंजस माणसाला कोणता धोका महत्त्वाचा वाटला असता, ते बघा, असं त्या निकालाने सांगितलं.

सज्ञान वय किती, साक्षीदाराची सही लागते का, फोनवरची संमती चालते का, हे देशागणिक बदलतं. ते आपापल्या कौन्सिलच्या नियमांत बघून घ्या. पण माँटगोमेरीची पट्टी कुठेही कामाची आहे. गाणं शिकवणाऱ्या बाईंना जिभेच्या बधिरपणाची भीती सगळ्यात मोठी असेल. ज्याच्या घरी केमोथेरपी चालू असलेली आई आहे, त्याला जिभेपेक्षा इथून संसर्ग घरी न्यायची धास्ती जास्त वाटेल. दोघांची दाढ एक्स-रेमध्ये सारखीच दिसेल, बोलणं मात्र वेगळं करावं लागेल. म्हणून पहिला प्रश्न विचारायचा तो हा: "घरी कोण कोण असतं?"

पायरी १: थांबता येईल का, हे आधी स्वतः ठरवा

पेशंटशी बोलण्याआधी तुमचं मत पक्कं हवं. न थांबणारं रक्त, जबड्याचं फ्रॅक्चर, आणि गळ्याकडे उतरणारी सूज ही खरी इमर्जन्सी. जिभेखाली आणि हनुवटीखाली दोन्ही बाजूंनी कडक सूज, गिळायला त्रास, आवाज बदललेला, लाळ गळतेय, असं दिसलं तर ती लुडविग्ज अंजायना, म्हणजे जिभेखाली झपाट्याने पसरणारा जंतुसंसर्ग, असू शकते. श्वासनलिका बंद व्हायला फार वेळ लागत नाही. अशा वेळी दवाखान्यात फॉर्म भरत बसू नका, हॉस्पिटलमध्ये पाठवा. पेशंट बोलू शकत नसेल आणि जिवाला धोका असेल, तर जीव वाचवण्यापुरते उपचार संमतीशिवायही करता येतात. त्या 'पुरते'च्या पलीकडे जायचं नाही.

दुसऱ्या टोकाला काहीच त्रास न देणारी, केवळ ओपीजीमध्ये (पूर्ण जबड्याच्या एक्स-रेमध्ये) आडवी दिसलेली अक्कलदाढ. समाजात संसर्ग पसरलेला असेल तिथे तातडीची नसलेली दातांची कामं पुढे ढकलावीत, असा सल्ला जागतिक आरोग्य संघटनेने ऑगस्ट २०२० मध्ये दिला होता. अशी दाढ त्यात बसते.

खरी कसोटी मधल्या पेशंटची. दोनदा हिरडी सुजून गेलेली, तोंड उघडायला त्रास झालेला, आता गोळ्यांनी शांत झालेला. थांबलं तर साथ ओसरेल, पण तिसऱ्यांदा सूज आली तर कदाचित हॉस्पिटलं भरलेली असतील. इथे तुमचं मत एका बाजूला झुकत असेल तर तसं सांगा, कारणही सांगा. मत लपवून सगळं पेशंटवर सोडून देणं म्हणजे त्याच्या स्वातंत्र्याचा मान राखणं, असं मला वाटत नाही. तो तुमच्याकडे सल्ल्यासाठीच आलेला असतो.

पायरी २: बोलणं फोनवर सुरू करा

खुर्चीत बसलेला, ठणक सोसणारा, आजूबाजूला पीपीई किट घातलेली माणसं बघणारा पेशंट काहीही ऐकून घेण्याच्या मनःस्थितीत नसतो. म्हणून जेवढं आधी फोनवर किंवा व्हिडिओ कॉलवर होईल तेवढं करा. हिस्टरी घ्या, काय करायचं आहे ते साध्या शब्दांत सांगा, संमतीपत्राची प्रत आधीच पाठवा आणि घरच्यांशी बोलायला एक रात्र द्या. साथीत पेशंटसोबत कुणाला आत येऊ देत नाहीत, त्यामुळे एरवी शेजारी बसून चार प्रश्न विचारणारं माणूस नसतं. त्या माणसाला कॉलवर घ्या, पेशंटची हरकत नाही ना हे विचारून.

फोनवर हिस्टरी घेताना नेहमीच्या प्रश्नांत काही भर घाला. रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे का, हे तर विचारताच. कोविडच्या उपचारात काहींना ती नव्याने सुरू झाली आणि पेशंट ती 'छातीची गोळी' म्हणून सांगतात. हाडांसाठी बिस्फॉस्फोनेट घेतलंय का? अलीकडे संसर्ग होऊन गेला का, कधी, स्टिरॉइड दिलं होतं का, शुगर किती राहते? वरचे दात अचानक हलायला लागलेत, गालाला बधिरपणा आलाय, नाकातून काळसर स्राव येतोय, असं कोविडनंतरच्या पेशंटने सांगितलं, आणि त्यातून तो मधुमेही असेल, तर दात काढायचा विचार बाजूला ठेवा. ते म्युकरमायकोसिस, म्हणजे 'काळी बुरशी', असू शकतं. त्याची तपासणी त्याच दिवशी व्हायला हवी.

पायरी ३: दोन कागद वेगळे ठेवा

साथीत दोन वेगळे कागद लागतात आणि बहुतेक ठिकाणी त्यांची खिचडी झाली होती. ताप आहे का, खोकला आहे का, गेल्या चौदा दिवसांत बाधित माणसाच्या संपर्कात आला होतात का, हे पेशंटने आपल्याला सांगायचं असतं. ते झालं घोषणापत्र. शस्त्रक्रियेत आणि साथीमुळे काय होऊ शकतं, हे आपण पेशंटला सांगायचं असतं. ते संमतीपत्र. माहितीची दिशाच उलटी आहे. एकाच पानावर दोन्ही कोंबलं की पेशंटला वाटतं आपली चौकशीच चालली आहे, आणि खाली धोके लिहिलेत तिथवर त्याचं लक्ष पोचत नाही.

घोषणापत्रात मिळालेली माहिती खासगी असते हेही तिथेच लिहा. आरोग्य यंत्रणेला कळवणं कायद्याने बंधनकारक असेल तर कुणाला आणि काय कळवलं जाईल, हे आधी सांगा. नाहीतर लोक खरं सांगत नाहीत.

आता एक गोष्ट मनापासून सांगायची आहे. २०२० च्या मध्यावर एका दवाखान्यातला फॉर्म माझ्या हातात आला. त्यात शस्त्रक्रियेबद्दल दोन ओळी होत्या आणि त्याखाली ठळक अक्षरांत होतं: इथे संसर्ग झाल्यास दवाखाना जबाबदार राहणार नाही, मी कोणतीही तक्रार करणार नाही. मला तो वाचून फार वाईट वाटलं. हे संमतीपत्र नव्हे, हा हात झटकण्याचा कागद आहे. पेशंटने धोका समजून घेऊन हो म्हणणं वेगळं. आपण निर्जंतुकीकरणात कसूर केली तरी चालेल, असं त्याच्याकडून लिहून घेणं वेगळं. सहीमुळे निष्काळजीपणा माफ होत नाही. आणि कायद्याचं राहू द्या. दुखतं म्हणून आलेल्या माणसासमोर पहिल्या भेटीत हा कागद ठेवला, तर पुढे तुम्ही सांगाल त्यातल्या किती गोष्टींवर तो विश्वास ठेवेल?

पायरी ४: नेहमीचे धोके झाकोळू देऊ नका

सगळं बोलणं विषाणूवर घसरतं आणि दाढेचं राहूनच जातं. खालच्या अक्कलदाढेसाठी किमान एवढं सांगितलंच पाहिजे: दोन-तीन दिवस सूज वाढेल, मग उतरेल. तोंड कमी उघडेल. दाढ काढलेल्या जागी रक्ताची गुठळी टिकली नाही तर ड्राय सॉकेट होतं आणि तिसऱ्या दिवसाच्या आसपास कानापर्यंत जाणारी ठणक सुरू होते. साध्या दातापेक्षा खालच्या अक्कलदाढेत हे कितीतरी जास्त दिसतं. खालचा ओठ, हनुवटी किंवा जीभ बधिर राहू शकते. बहुतेकांचा बधिरपणा काही आठवड्यांत किंवा महिन्यांत जातो, अगदी थोड्यांचा कायमचा राहतो. एक्स-रेमध्ये मुळं नसेच्या नळीवर चढलेली दिसत असतील तर 'अगदी थोड्यांचा' म्हणून पुढे सरकू नका. तो एक्स-रे पेशंटला दाखवा, बोट ठेवून दाखवा. वरच्या दाढेत सायनस उघडण्याची शक्यता सांगा.

यातल्या प्रत्येक गोष्टीला साथीत एक शेपूट जोडलेलं असतं. ड्राय सॉकेट झालं तर पुन्हा यावं लागेल, म्हणजे पुन्हा संपर्क. पेशंट मध्येच विलगीकरणात गेला तर टाके कोण काढणार? लॉकडाऊन लागला तर? म्हणून विरघळणारे टाके घालणार असाल तर तेही सांगा. मला वाटतं पेशंटला खऱ्या अर्थाने उपयोगी पडतं ते हेच: गुंतागुंत झाली तर या परिस्थितीत नेमकं काय होईल, रात्री फोन कुणी उचलेल, दवाखाना बंद असेल तर कुठे जायचं.

पायरी ५: साथीचा धोका प्रामाणिकपणे सांगा

आधी स्वतःला विचारा, आपण करतोय त्यात फवारा उडतो का? एअरोटर (दात कोरायचं हवेवर फिरणारं यंत्र) मिनिटाला तीन-चार लाख फेरे घेतो आणि त्याच्या पाण्यासोबत लाळ-रक्ताचे सूक्ष्म थेंब हवेत जातात. दात साफ करायच्या अल्ट्रासॉनिक स्केलरचंही तसंच. चिमट्याने सरळ काढलेल्या दातात असं फारसं होत नाही. हाड कापून काढायच्या दाढेत सर्जिकल हँडपीस हळू फिरत असला तरी सलाइनचा फवारा असतोच. म्हणजे 'दात काढणं' या एका शब्दाखाली दोन वेगळे धोके आहेत. सरळ निघेल असं वाटलेला दात मोडला आणि हाड कापावं लागलं, तर पेशंट पहिल्यातून दुसऱ्यात जातो. ही शक्यता आधी सांगा, त्याची संमती आधी घ्या. तोंड उघडं आणि अर्धं मूळ आत असताना कुणी मोकळेपणाने नाही म्हणू शकत नाही.

मग शब्द कसे वापरायचे? मी साधारण असं म्हणतो:

"आम्ही मास्क, फेसशिल्ड आणि जोराचं सक्शन वापरतो, दोन पेशंटच्या मध्ये खोलीत हवा खेळती ठेवतो. त्याने धोका कमी होतो, जात नाही. येता-जाता, बाहेर बसल्यावर किंवा इथे खुर्चीत तुम्हाला संसर्ग होऊ शकतो. तसाच तुमच्यापासून आम्हालाही होऊ शकतो. टक्क्यांत सांगा म्हणाल तर तसा खरा आकडा नाही, आणि खोटा मी सांगणार नाही."

शेवटचं वाक्य म्हणायला सुरुवातीला जीभ जड होते. पण 'इथे शंभर टक्के सुरक्षित आहे' असं सांगून घेतलेली संमती माहितीपूर्ण होतच नाही, कारण माहितीच खोटी आहे.

पेशंट स्वतः आत्ताच बाधित असू शकतो आणि त्याला ते माहीतही नसू शकतं, हाही मुद्दा आहे. कोविडच्या विषाणूला लक्षणं दाखवायला २ ते १४ दिवस लागू शकत होते आणि आरटीपीसीआर निगेटिव्ह आली तरी अगदी सुरुवातीचा संसर्ग निसटू शकत होता. २०२१ मध्ये ११६ देशांतल्या १,४०,२३१ पेशंटचा एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. संसर्गानंतर सात आठवड्यांच्या आत शस्त्रक्रिया झालेल्यांमध्ये मृत्यूचं प्रमाण जास्त आढळलं. त्यात सर्व प्रकारच्या शस्त्रक्रिया होत्या, म्हणून जागेवर भूल देऊन काढायच्या दाढेला तो आकडा जसाच्या तसा चिकटवू नका. पण पूर्ण भूल देऊन करायचं काम असेल आणि पेशंट नुकताच बरा झालेला असेल, तर भूलतज्ज्ञाशी बोलून थांबण्याचा विषय काढलाच पाहिजे.

शस्त्रक्रियेआधी पोव्हिडोन आयोडिनने गुळण्या करायला देत असाल तर थायरॉइड आणि आयोडिनची अॅलर्जी विचारा. तोही उपचारच आहे, त्यालाही होकार हवा.

पायरी ६: पर्याय सांगताना 'काहीच न करणं' विसरू नका

साथीत अनेकांना फोनवर सल्ला, वेदनाशामक आणि अँटिबायोटिक एवढ्यावर ठेवलं गेलं. काही वेळा इलाज नव्हता. पण त्याला उपचार म्हणताना त्याची मर्यादा सांगायला हवी. दाताच्या आतली नस सुजल्याने ठणकणाऱ्या दातावर अँटिबायोटिकचा उपयोग होत नाही. पू झालेल्या ठिकाणी ते वेळ काढून देतं, मूळ कारण दूर करत नाही. "पाच दिवस गोळ्या घ्या, बघू" असं म्हटलं की पेशंटला वाटतं पाच दिवसांनी बरं होणार आहे. त्याऐवजी म्हणा: "या गोळ्यांनी दुखणं कदाचित दबेल. दाढ तशीच राहील. सूज डोळ्याकडे किंवा गळ्याकडे गेली, ताप आला, गिळता येईना, तर त्याच तासाला फोन करा." थांबण्याचा निर्णय पेशंटने घेतला तर त्याचीही नोंद तितक्याच काळजीने करा.

पायरी ७: मास्कच्या आडून समजलं का, हे तपासा

एक आजी आल्या होत्या. मी एन-९५ आणि त्यावर फेसशिल्ड लावून सगळं नीट, पायरीपायरीने सांगितलं. त्या दर वाक्याला मान हलवत होत्या. मी फॉर्म पुढे केला, त्यांनी पेन हातात घेतलं आणि मला विचारलं, "डॉक्टर, दात आज भरणार ना?" मी वीस मिनिटं दाढ काढण्याबद्दल बोलत होतो. आजींना कमी ऐकू यायचं आणि एरवी त्या ओठांकडे बघून समजून घ्यायच्या, हे मला ठाऊकच नव्हतं. माझे ओठ तर झाकलेले. त्या मान हलवत होत्या ती मला बरं वाटावं म्हणून.

त्या दिवसापासून मी "समजलं का?" विचारणं सोडलं. त्याचं उत्तर नेहमी 'हो' असतं. मी म्हणतो, "मी नीट सांगितलं की नाही ते मला बघायचंय. घरी गेल्यावर मुलीला काय सांगाल?" पेशंटने स्वतःच्या शब्दांत सांगितलं की कुठे राहिलंय ते लगेच कळतं. दवाखान्यात एक पाटी आणि जाड मार्कर ठेवा, मोठ्या अक्षरांत लिहून दाखवा. पारदर्शक मास्क मिळाला तर बोलण्यापुरता, अंतर ठेवून, वापरा. फॉर्म पेशंटच्या भाषेत असावा आणि 'पॅरेस्थेशिया' ऐवजी 'बधिरपणा' लिहावा. पेशंटला वाचता येत नसेल तर त्याच्या विश्वासातल्या माणसाने वाचून दाखवावा, आणि तसं नोंदवावं.

लहान मूल असेल तर सही पालकाची, पण मुलालाही त्याच्या वयाला झेपेल असं सांगून त्याचा होकार घ्या. आत एकच पालक येऊ शकत असेल तर सहीचा अधिकार असलेलाच यावा, हे फोनवरच ठरवा. गुंगीचं औषध देणार असाल तर सगळं बोलणं आणि सही त्याआधी. गुंगीतला होकार धरायचा नाही.

पायरी ८: सही आणि नोंद

पेन पेशंटचं स्वतःचं, किंवा पुसून ठेवलेलं. टॅबवर सही घेणार असाल तर पान पूर्ण खाली सरकवून वाचायला वेळ द्या. पण फॉर्मपेक्षा तुमच्या हाताने केस पेपरवर लिहिलेल्या चार ओळींना मी जास्त किंमत देतो. तारीख, वेळ, कोण हजर होतं, आणि पेशंटने काय विचारलं. उदाहरणार्थ: 'घरी वृद्ध आई, केमो चालू. संसर्गाच्या धोक्याबद्दल विचारलं. महिनाभर थांबण्याचा पर्याय सांगितला. दोनदा सूज आल्यामुळे आत्ताच काढण्याचं पेशंटने ठरवलं. ओठाच्या बधिरपणाबद्दल एक्स-रे दाखवून सांगितलं.' असं वाचलं की त्या खोलीत खरंच बोलणं झालं होतं, हे कुणालाही दिसतं.

पायरी ९: खुर्चीत बसल्यावर पुन्हा विचारा

फोनवर होकार दिला तेव्हा लाट ओसरत होती, आज पुन्हा आकडे चढलेत. पेशंटचा भाऊ काल आजारी पडलाय. तुमच्या असिस्टंटला दोन दिवसांपूर्वी लागण झालीय. त्याचं नाव न सांगता, ही गोष्ट पेशंटला सांगा. आठवड्यापूर्वीचा होकार आजच्या परिस्थितीला लागू पडतोच असं नाही. भूल देण्याआधी सरळ विचारा: "आज करायचं ना? नको असेल तर अगदी चालेल, पुढची तारीख देतो." आणि काम चालू असताना थांबायचं असेल तर डावा हात वर करायचा, हे ठरवून ठेवा. हात वर झाला की थांबा, 'झालंच, एक मिनिट' म्हणू नका. अर्धवट सोडण्याचा काय परिणाम होईल ते सांगा आणि मग तो म्हणेल तसं करा.

दुसऱ्या दिवशी सकाळी फोन करा. रक्त थांबलं का, सूज किती, ओठाला स्पर्श कळतोय का. त्याच फोनवर सांगून ठेवा की पुढच्या दोन आठवड्यांत ताप-खोकला आला तर आम्हाला कळवा, आमच्याकडे कुणाला लागण झाली तर आम्ही तुम्हाला कळवू. दोन्हीकडचे नंबर केस पेपरवर लिहा आणि डायरीत चौदाव्या दिवसाच्या पानावर त्या पेशंटचं नाव टाकून ठेवा.